ओढ्याला जीव आला

"थांबा! कुणी हलू नका!"

ती गुडघाभर पाण्यात एक दगड दोन्ही हातांत उलटा धरून उभी होती. काठावर बाटल्यांच्या खोक्यावर बसून कान कोरत असलेल्या ड्रायव्हरनं घाबरून पाय वर घेतले.

"साप आहे का?"

"साप कसला! किडा आहे. जिवंत किडा!"

"किडा बघून एवढं ओरडायचं? आमच्या स्वयंपाकघरात या, हवे तेवढे दाखवतो."

तिनं लक्षच दिलं नाही. दगडाच्या ओल्या पोटाला नखाएवढा, चपटा, मातकट रंगाचा एक जीव चिकटला होता. शेपटीला केसासारखे तीन धागे. तिचा श्वास लागला तसा तो तुरुतुरु दुसऱ्या बाजूला पळाला. तिला हसू फुटलं, आणि का कोण जाणे, डोळेही भरून आले.

ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नमुने गोळा करायचं काम करायची. दर आठवड्याला ओढ्यातून पाणी भरायचं, काठावरची माती पिशवीत घ्यायची, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायच्या आणि सगळं गाडीत घालून न्यायचं. गावात तिला सगळे 'बाटलीवाली' म्हणत. नव्यानं आलेल्या एका पोस्टमननं ते नाव ऐकून एका संध्याकाळी भलत्याच आशेनं तिचं दार वाजवलं होतं. सासऱ्यांनी त्याच्यासमोर ओढ्याच्या पाण्याची बाटली धरली आणि विचारलं, "किती ओतू?" तो पुन्हा त्या गल्लीत टपालापुरताच आला.

ती लग्न होऊन या गावात आली तेव्हापासून हा ओढा नारिंगीच होता. वर डोंगरात जस्त आणि शिशाची खाण होती. खाण चालू होती तोवर पंप आतलं पाणी उपसून काढत. खाण बंद पडली, पंप थांबले आणि पाणी आत चढत गेलं. खडकातल्या गंधकाचं आम्ल झालं, त्या आम्लानं जस्त, शिसं, लोखंड सगळं विरघळवलं आणि एके दिवशी ते खाणीच्या तोंडातून बाहेर आलं. दगडांवर गंजाचा जाड थर बसला. मासे गेले, बेडूक गेले, डासांनीसुद्धा या पाण्याकडे पाठ फिरवली.

पुढे प्रयोगशाळेत एक तरुण मॅडम आली. तिनं पाण्यातलं आम्ल मारायला खाणीच्या तोंडाशी चुनखडीचा पाट बांधून घेतला. खाली पाणकणसांचं उंच गवत लावून तळी केली, म्हणजे विरघळलेला धातू तिथल्या गाळात बसावा. तेव्हापासून पाण्यातल्या धातूंचे आकडे खाली येत होते. पण आकडा खाली आला म्हणून कुणी नाचत नाही. दगडाखाली काहीतरी पळालं की मात्र राहवत नाही.

तिनं ओल्या हातानंच फोन लावला. "मॅडम, असाल तशा निघा."

"काय झालं? पडलात का?"

"पडले असते तर एवढ्या आनंदानं सांगितलं असतं का? किडा सापडलाय! शेपटीला तीन धागे आहेत."

पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आणि फोन बंद.

मॅडम आली ती स्कूटर नीट उभी न करताच धावत आली. स्कूटर मागे आडवी झाली, तिनं वळूनही पाहिलं नाही. भिंग काढून ती दगडावर वाकली आणि बराच वेळ तशीच राहिली. उठली तेव्हा तिचे कान लाल झाले होते.

"याला जस्त अजिबात सोसत नाही," ती म्हणाली. "थोडं जरी वाढलं तरी हा मरतो."

"म्हणजे ओढा बरा झाला ना!"

"थांबा हो. मला पण उड्या माराव्याशा वाटताहेत, पण थांबा. याची आई कुठूनही उडत येऊन अंडी घालू शकते. पिल्लं निघतात आणि मोठी व्हायच्या आत मरतात, असंही होतं. ही इथे तगताहेत का, ते कळायला हवं."

"ते कसं कळणार?"

"पुरतं वाढलं की पिल्लू पाण्याबाहेर येतं. एखाद्या दगडाला चिकटतं, कात टाकतं आणि पंख घेऊन उडून जातं. ती कात मिळाली, तर एक तरी जीव या ओढ्यात वाढून बाहेर पडला असं छातीठोक सांगता येईल."

मग काय, शोधाशोध सुरू झाली. मॅडम एका काठानं, ती दुसऱ्या काठानं. ड्रायव्हरनं आधी "हे माझं काम नाही" म्हणून पाहिलं, पण दोन बायका वेड लागल्यासारख्या दगड न् दगड न्याहाळताना पाहून त्यालाही राहवेना. त्यानं पँट वर दुमडली.

"मिळाली!" थोड्याच वेळात तो गरजला. दोघी घसरत, धडपडत त्याच्यापर्यंत पोचल्या. त्याच्या तळहातावर शेंगदाण्याचं टरफल होतं.

"हे तुम्हीच खाल्लंय मघाशी," ती म्हणाली.

"तरीच ओळखीचं वाटलं."

खरी कात तिलाच दिसली. पुलाच्या सावलीत, पाण्याच्या जरा वर, एका दगडाच्या कडेला. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ, सहाही पाय जागच्या जागी, आणि पाठीवर मधोमध चीर. आतला जीव त्या चिरेतून केव्हाच निघून गेला होता. तिनं नुसतं बोट दाखवलं. मॅडमनं पाहिलं, तिला मिठी मारली आणि दोघीही धप्पकन पाण्यात बसल्या. ड्रायव्हर काठावरून टाळ्या वाजवत होता.

भिजलेल्या कपड्यांनिशी ती उठली, ती थेट घराकडेच निघाली.

सासरे टेबलापाशी शेजाऱ्यांचा पंखा उघडून बसले होते. खाणीत ते पंपावर होते. खाण सोडून मालक निघून गेले, त्या दिवशी साहेबानं त्यांना सांगितलं, बटण बंद करा आणि उद्यापासून येऊ नका. त्यांनी बंद केलं. हुकूमच होता, दुसऱ्या कुणी केलं असतं तरी तेच झालं असतं. गावातलं कुणी त्यांना कधी एका शब्दानं बोललं नाही. पण ओढा नारिंगी झाला तेव्हापासून ते पुलावरून गेले नव्हते. बाजारात जायचं तर मागच्या लांबच्या रस्त्यानं जात, आणि विचारलं तर म्हणत, पायांना व्यायाम होतो.

"बाबा, चला."

"अगं, पडलीस की काय? कुठे चला?"

"ओढ्यावर."

त्यांनी पान्याचा फेरा पूर्ण केला. "तुझे आकडे तू इथेच सांग. मी ऐकतो."

"आकडे नाहीत, बाबा. पाय आहेत त्यांना. सहा सहा पाय. पळतात!"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ही सून कधी उगाच नाचत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पाना खाली ठेवून ते उठले. बूट घालताना लेस दोनदा चुकली, तेव्हा तिनं खाली बसून बांधून दिली.

ओढ्याशी पोचल्यावर ते आधी पुलाजवळच थबकले. मग मॅडमनं दगड पुढे केला, भिंग हातात दिलं. ते वाकले.

"हलतोय," ते म्हणाले. आणि मग मोठ्यानं, "अरे, हा तर हलतोय!" ते हसायला लागले, खोकला येईपर्यंत हसले. दगड हातातून सोडवेना. ड्रायव्हरला दाखवला, पुन्हा सुनेला दाखवला, जणू तिनं पाहिलाच नव्हता.

"म्हणजे आता या काठाला भाजी लावता येईल! आमची आई लावायची. इथला पालक असा हिरवागार..." त्यांनी काठावरची मूठभर माती उचलली.

मॅडमचा चेहरा उतरला. खोटं बोलणं तिला जमत नसे. "नाही, बाबा. पाणी वाहून जातं, माती जागेवर राहते. इतकी वर्षं पूर येत गेले, दर पुरात गाळ साचत गेला. शिसं त्या मातीला धरून बसलंय. तुमच्या नातवंडांनाही इथलं खाता येणार नाही. ती माती टाका, हात धुऊन घ्या."

त्यांनी माती टाकली. "म्हणजे अर्धंच काम झालंय."

"अर्धंही नाही."

"मग बाकीचं?"

"आम्ही करू. आमच्यानंतर दुसरे कुणी करतील."

"पाळ्यांमध्ये," ते म्हणाले आणि मान हलवली. खाणीत जन्म गेलेल्या माणसाला ते समजावून सांगावं लागलं नाही.

हात धुता धुता ते एकदम ताठ झाले. "हे बुड्याला सांगायला हवं! त्या वळणापाशी डोह होता, बुड्या तळाची वाळू मुठीत घेऊन वर यायचा. आणि मुकादमाला. तो मासे पकडायला..." ते रस्त्याच्या दिशेनं चार पावलं गेलेसुद्धा. मग थांबले.

बुड्या, मुकादम, त्यांच्या बरोबरीचे सगळे खाणीच्या धुळीनं एकेक करून गेले होते. त्या डोहात त्यांच्याबरोबर पोहलेलं गावात आता दुसरं कुणी उरलं नव्हतं. सुनेनं मान वळवली. ड्रायव्हर उगाच खोकं नीट लावू लागला.

"डोह नक्की कुठे होता?" मॅडमनं विचारलं. "मला दाखवा ना. खोल पाणी कुठे होतं, मासे कुठे असायचे, ते मला कोण सांगणार दुसरं?"

म्हाताऱ्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. मग ते दगडावर बसले, बूट काढले, मोजे त्यात खोचले आणि पँट वर सारून पाण्यात उतरले. मॅडमनं कोपराला धरलं.

"हे बघ, इथून सुरू व्हायचा," ते हात लांब करून सांगू लागले. "आणि तिथे, त्या झाडाखाली, तिथे तर तळ लागायचा नाही..."

त्यांचा आवाज चढत गेला. दोघं वळणाच्या दिशेनं पाण्यातून हळूहळू पुढे चालले. सुनेनं सासऱ्यांचे बूट उचलले आणि ती काठाकाठानं त्यांच्या मागून निघाली.