आचलचं रुखवत

“मावशी, कार्डावरून पैसे आले! अकोल्याची ऑर्डर हाय.” शेजारच्या अफिफानं दारातूनच आवाज दिला आणि फोन पुढ्यात धरला.

मैनाबाईनं पिठाचा हात पदराला पुसून नाव वाचलं आणि पुन्हा एकदा वाचलं. महादेवराव. तिचा सख्खा दीर. खाली लिहिलं होतं, ‘मुलीचं रुखवत. नाव आचल.’

मागच्याच आठवड्यात जावेचा, शकुनचा फोन आला होता. “राग नका मानू बाई, पण आचलच्या रुखवताले तुमचा हात नको लागाले. लोकं बोलतेत.”

आचलला पहिलं न्हाऊ मैनाबाईनंच घातलं होतं. स्वतःची कूस रितीच राहिली. जे काही लेकरू होतं ते तेच. मग फवारणीच्या विषानं माणसं दगावली त्या साली तिचा नवरा सूर्यभान कपाशीतून डोळे चोळत आला आणि त्यानं दुसरी सकाळ पाहिली नाही. मैनाबाई अमरावतीला खोली करून राहिली. सरगुंडे, गव्हले अशा हातानं वळायच्या शेवया, कुरडयांचे मोर. हातात कला होती. पण दाराशी आलेल्या बाया तिचं रिकामं कपाळ पाहत आणि माघारी फिरत.

अफिफानंच मग फोनवर दुकान मांडून दिलं, ‘आंबानगरी रुखवत’. म्हणाली होती, “ह्याच्यात कपाळ नाई दिसत, मावशी. गिऱ्हाईक कार्डाचा नंबर टाकते, त्याच्या फोनवर आकडे येतेत. ते भरले का पैसे तुमच्या खात्यात.”

आज तोच फोन समोर होता.

“त्याइले माहीत हाय का, दुकान माह्यं हाय म्हणून?”

“कसं राहीन? दुकानाचं नाव दिसते फक्त.”

“परत कर पैसे.”

“होतेत ना. हे बटण दाबलं का त्याइच्या कार्डात वापस. दाबू?”

मैनाबाई फोनवरचं आचलचं नाव पाहत राहिली.

“बोला ना! कुरडईवानी वाळत काहून बसल्या?”

“शकुनले समजलं तर मले दारात उभी करनार नाई. पोरीचं तोंड नाई दिसनार पुन्हा.”

“मंग दाबते.”

“थांब!” तिनं अफिफाचं मनगटच धरलं. “माह्या पोरीच्या लग्नात मंग माह्यं काय राहीन?”

अफिफानं फोन उलटा ठेवला.

त्या दुपारपासून खोलीत गाणं घुमू लागलं:

गव्हला वळू बाई, बोटाच्या पेरावर,
लेक चालली माही, दुसऱ्याच्या दारावर.

रुखवताची पेटी अफिफाच्या पत्त्यावरून अकोल्याला गेली.

लग्नात रुखवताभोवती बायांची दाटी झाली. शेवयांची बैलगाडी पाहून सगळ्या थक्क. शकुन मिरवत सांगत होती, “ऑनलाइन मागवलं, कार्डावर! कोण्या भाग्याच्या सवाष्णीचा हात हाय, पाहा.”

 मैनाबाई खांबापाशी, सगळ्यांच्या मागं उभी होती.

“बाई, तुमी दुरूनच पाहा बरं,” शकुन तिच्याकडे वळून हळूच म्हणाली.

“हो. चांगलं झालं,” मैनाबाई म्हणाली.

कोणाचा तरी धक्का लागून गाडीचं एक चाक कलंडलं. मैनाबाईचा हात पुढं गेला आणि तिथंच थांबला. तिनं शेजारच्या अनोळखी बाईला हलकेच म्हटलं, “बाई, ते चाक पडून राहिलं. तेवढं सरळ करता का?”