पडद्यावरची लाल पट्टी

“हात हलवायचा नाही, आजोबा. नुसता मनात हलवायचा,” असं बजावून डॉक्टरीणबाईंनी माले गावच्या गेणबाला एमआरआयच्या धडधडणाऱ्या नळकांड्यात सरकवलं.

कंपवातानं गेणबाचे हात चार वर्षं त्याचे राहिले नव्हते. मेंदूत हालचालीची जागा जागी झाली, की डोळ्यांसमोरच्या पडद्यावर लाल पट्टी चढायची. ती आपल्या मनानं चढवायला शिकलं, तर हातही ताब्यात येतील, असा हा पुण्यातला प्रयोग होता.

गेणबानं मनात भात लावलं. पट्टी ढिम्म. म्हशीची धार काढली. पट्टी बोटभर चढली नि खाली बसली.

मग त्याला रान विकल्याच्या खरेदीखताचा दिवस आठवला. सही करणार न्हाई म्हणून तो अडून बसला होता. तेव्हा माऊलीनं, पोटच्या पोरानं, त्याचा अंगठा धरून कागदावर दाबला. गेणबा जीव खाऊन हात मागं ओढत होता आणि बघणाऱ्यांना वाटलं, म्हाताऱ्याचा कंपच लई हाय. त्या रानात आता बंगले उठत होते.

गेणबानं मनात दोन्ही हात माऊलीच्या नरड्याला घातले आणि आवळले.

पट्टी सरसर चढून वर टेकली.

“कशाचा विचार केलात हो?” बाहेर काढताना बाई हरखून गेल्या होत्या.

“भात लावत हुतो.”

“मग घरी रोज तेच करायचं. सरावानं हात पुन्हा तुमचं ऐकतील.”

सोबत आलेल्या माऊलीनं बापाला दंडाला धरून उठवलं. “मी करून घेतो, म्याडम. रोज समोर बसून.”