खाणीच्या नकाशावरची पेन्सिलीची रेघ

मी एक जुना नकाशा आहे मित्रांनो, पण तुमच्या वर्गात टांगतात तसला नव्हे. तुमसरकडच्या एका मँगनीज खाणीचं पोट माझ्या अंगावर काढलेलं आहे. एकोणीसशे एकाहत्तर साली खाणीचे सर्वेअर मधुकरराव यांनी मला कापडावर चिकटवलं, शाईनं बोगदे काढले आणि टिनाच्या नळीत ठेवलं. काय रुबाब होता माझा! हात धुतल्याशिवाय कोणी मला शिवत नसे.

दुष्काळानंतर गावोगावी बोअरची मशिनं आली. तेव्हा खाण आणि बोअरवाले यांच्यात लेखी ठरलं. खाणीजवळ भोक पाडायचं तर बोअरवाल्यानं आधी चिठ्ठी द्यायची आणि खाणीनं मला उघडून खालचे बोगदे दाखवायचे. दोघांच्या सह्या झाल्या की काम सुरू. मला तर फार मोठेपण वाटायचं.

मधुकररावांची एक रीत होती. नवा बोगदा ते आधी पेन्सिलीनं काढत आणि दुसऱ्यांदा मोजल्यावरच शाई फिरवत. एकोणऐंशीच्या दिवाळीनंतर ते बहिणीच्या गावी मंडईची जत्रा पाहायला गेले आणि एक बोगदा पेन्सिलीतच राहिला. त्याच आठवड्यात नागपूरचे साहेब तपासणीला येणार होते. कारकून केशवराव टापटिपीचे मोठे भोक्ते. त्यांनी खोडरबर घेऊन मला चकचकीत केलं. अहो, मी ओरडणार तरी कसा?

दुसऱ्या दिवशी बोअरचा मिस्त्री सेवकराम चिठ्ठी घेऊन आला. गावाला हातपंप हवा होता. केशवरावांनी मला उघडलं, जागा कोरी दिसली, सही झाली. सेवकरामनं धान कापलेल्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, मशीन उभं केलं.

खाली खाणकामगार गोमाजी आणि आणखी सात जण त्याच बोगद्यात होते. दुपारी छतातून खडखड ऐकू आली, खडे पडू लागले. गोमाजीनं सगळ्यांना बाहेर पिटाळलं आणि स्वतः वर येऊन धुळीनं माखलेला तसाच बांधीत धावत गेला.

“मशीन बंद कर भाऊ! आमच्या डोक्यावर भोक पाडून राह्यला तू!”

“माह्यापाशी सहीचा कागद आहे ना,” सेवकराम म्हणाला.

“कागद राहू दे. मी आत्ताच खालून येऊन राहिलो!”

सेवकरामनं त्याच्या अंगावरची धूळ पाहिली आणि मशीन बंद केलं. आणखी वीस फूट गेलं असतं तर!

मधुकरराव परतले. केशवराव लहान पोरासारखे रडले. “मले वाटलं, डाग आहे जी.” मधुकरराव म्हणाले, “चूक माहीबी आहे. मी शाई फिरवूनच जायला पाहिजे होतं.” त्या दिवसापासून सही करण्याआधी खाली खणणाऱ्या एका माणसाला बोलावून माझ्यासमोर उभं करू लागले. पहिला आला गोमाजी. बोटानं जागा दाखवताना त्याच्या हातावरच्या धुळीचा डाग मला लागला. तो डाग अजून माझ्या अंगावर आहे आणि मला तो फार आवडतो.

शहाऐंशीत तो भाग बंद झाला. आता मी कपाटात आहे, वाळवीनं एक कोपरा खाल्लाय. ते दिवस आठवले की गलबलून येतं. मित्रांनो, मला स्वच्छ ठेवलं नाही तरी चालेल, खरं ठेवा. आणि जमिनीत भोक पाडण्याआधी एकदा विचारा, खाली कोणाचा बाप काम करून राहिला आहे?