हा वाकडेपणा तिचा नव्हे

मी टोपली बोलतेय. रागात बोलतेय, तेव्हा गोडगोड ऐकायला मिळेल या आशेवर बसू नका.

माझा जन्म एका ओसरीवर झाला. घायपाताची पानं ठेचून वाख काढायचा, धुऊन वाळवायचा आणि गवताच्या जुडीभोवती गुंडाळत फेर चढवायचे. पानांचा रस लागला की कोपरापर्यंत खाज सुटते. तिथे दोन जावा विणत बसायच्या. मोठीची टोपली चहूकडून सारखी गोल. धाकटी नवशिकी, तिचा काठ हमखास कलायचा. मग मोठी तो उसवून टोपली परत तिच्या मांडीवर टाकायची. धाकटी नाक मुरडायची, पण पुन्हा विणायची. शिकत होती हो पोरगी.

एक दिवस माल नेणारा व्यापारी आला. मोठीच्या टोपल्या त्यानं बाजूला सारल्या आणि धाकटीची कललेली उचलली.

"मावशी, तुमचं काम फारच सुबक होतं. गिऱ्हाइकाला वाटतं, मशीनचं आहे. अशी वाकडी विणा, म्हणजे हातची दिसेल."

"मुद्दाम वाकडी?"

"मुद्दामच. सगळ्या अशाच हव्यात."

मी तेव्हा अर्धीमुर्धी मोठीच्या मांडीवर होते. मला धड काठही फुटला नव्हता, तरी संताप संताप झाला. जिचा जन्म यात गेला, तिनं कालच्या पोरीच्या चुका गिरवायच्या?

तिनं मला वाकडं करायला घेतलं, पण हात ऐकेना. फेर आपोआप सरळ यायचा. ती उसवायची, शिव्या घालायची, मला नव्हे. शेवटी तोंड फिरवून तिनं मला बिघडवलं.

त्या संध्याकाळी ती धाकटीला म्हणाली, "आण गं तुझी, काठ बघू."

धाकटी उठलीच नाही. "राहू दे ना ताई. अशाच खपतायत, तर सरळ शिकून काय करू?"

मोठीनं पुढे केलेला हात मागे घेतला.

आता मी एका दिवाणखान्याच्या कोपऱ्यात रिकामी बसून आहे. पाहुणे आले की घरची बाई माझ्या काठावरून बोट फिरवते. "बघा ना, किती वेडीवाकडी. हातचं काम लगेच ओळखू येतं." पाहुणे माना डोलावतात. अहो, कसलं ओळखता? तुमच्या हौसेपायी तिनं स्वतःच्या हाताचं वळण मोडून घेतलंय.

मला गोंजारू नका. पुढच्या वेळी दुकानात सरळ टोपली मागा. तुम्ही मागितलीत तर व्यापारी मागेल, आणि मग धाकटी झक मारत मोठीसमोर शिकायला बसेल. फक्त लवकर मागा. मी निघाले तेव्हाच मोठीला धड दिसेनासं झालं होतं, वाख अगदी डोळ्यांशी धरून विणत होती.