दोन स्ट्राइक झाल्यावर

"सर, तिनं बॅट फिरवली ना!"

अनसिंगची कॅप्टन सुकेशनी, तीच त्यांची कॅचर, मास्क वर सरकवून माझ्याकडे, अंपायरकडे, पाहत होती. वाशीमच्या मैदानावर मुलींच्या जिल्हा सॉफ्टबॉलची फायनल. शेवटची इनिंग, स्कोअर बरोबरीत, तिन्ही बेस भरलेले, दोन आऊट आणि वाशीमच्या जिनलला दोन स्ट्राइक. तिनं पूर्ण बॅट फिरवली, चेंडू मनगटावर बसला. ती किंचाळली, तिचे वडील इंदरचंदशेठ "अरे, पोरीचा हात!" करत आत धावले, आणि माझा हात आपोआप पहिल्या बेसकडे गेला. चेंडू अंगाला लागला की फुकट बेस, आणि तिन्ही भरलेले असताना बेस दिला म्हणजे तिसऱ्या बेसवरची मुलगी होम प्लेटवर आली, एक रन. वाशीम जिंकलं.

बॅट फिरवल्यावर चेंडू अंगाला लागला तरी तो स्ट्राइकच. हा तिसरा, म्हणजे जिनल आऊट होती, सामना बरोबरीतच पुढे चालायला हवा होता. बावीस वर्षं अंपायरिंग करणाऱ्या या वहाब सरांना हे ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं! हात खाली यायच्या आत कळलं होतं. पण एवढ्या लोकांसमोर तो मागे कसा घ्यायचा?

"तू मले नियम शिकवून राह्यली का?" मी डाफरलो.

ती मागे सरली. मालेगावच्या उन्हाळी शिबिरात हा नियम मीच तिला शिकवला होता. "रडलं तरी स्ट्राइक," म्हणालो तेव्हा केवढी हसली होती!

स्कोअरशीटवर तिनं सही केली. हरलेल्या कॅप्टनची सही झाली की निकाल पक्का, आणि सही होईपर्यंत मी तोंड उघडलं नाही. लाज वाटते सांगायला.

मग तिनं हळूच विचारलं, "सर, तो नियम बदलला का? पोरी म्हणतात, तू भांडली काहून नाही. मी म्हटलं, सरायले जास्त समजते."

मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नाही बदलला, बेटा. मीच चुकलो."

"मंग आता?"

"आता काही होत नाही."

तिनं कागद माझ्याकडे सरकवला. "मंग पोरींले तेवढं सांगा, सर. त्या माह्यासंग बोलून नाही राह्यल्या."

मुली कडुनिंबाखाली सामान भरत होत्या. मला पाहताच साऱ्या हातातलं टाकून उभ्या राहिल्या. "नमस्ते, सर!"

बसा म्हणालो, कुणी बसलं नाही. मग तसंच सांगितलं, सुकेशनी बरोबर होती, मी चुकलो, आणि चूक कळूनही गप्प बसलो. एकीनं सुकेशनीची पिशवी तिच्यापुढे सरकवली. सुकेशनीनं मास्क पिशवीत ठेवला आणि चेन ओढली.