शेपटीतलं तेल

शेठची बोट म्हणजे मोठी नखरेल बाई. इंजिन पोटात, पण गिअर आणि पंखा मागे पाण्यात लोंबणाऱ्या खोक्यात. कंपनीने त्या खोक्याला काय नाव दिलं होतं ते कंपनीलाच ठाऊक. माझगावच्या वर्कशॉपात सगळे त्याला शेपटी म्हणत. या शेपटीतलं तेल दिवाळीपासून नाहीसं होत होतं. भरावं, चार फेऱ्या माराव्यात, की पुन्हा कमी. बोटीच्या तळाला आतून हात फिरवला तर कोरडा ठाक.

महाराष्ट्र राज्य होणार त्या दिवशी शेठला चौपाटीसमोर बोटीतून रोषणाई बघायची होती. म्हणून शेवटी बोट पाण्याबाहेर काढून वर्कशॉपातल्या गुणाजी मिस्त्रीपुढे आणून ठेवली. त्याचा धाकटा भाऊ जयवंत याच बोटीवर खलाशी होता. दिवाळीतल्या एका संध्याकाळी तो या बोटीवर गेला, तो परत आलाच नाही.

"धक्क्यावर उतरला तो. बेळगावला जातो म्हणाला, सत्याग्रहाला," असं बोट चालवणाऱ्या चिंतामणीने तेव्हा सांगितलं होतं. लोकांना ते पटलंही. जयवंत प्रत्येक मोर्चात पुढे. डोक्यावरची लाठीची खूण मेडल दाखवावं तशी दाखवायचा. सगळ्यांत जास्त पटलं ते त्याच्या बायकोला, कालिंदीला. नवरा तुरुंगात आहे, महाराष्ट्र झाला की कैदी सुटतील आणि तो येईल, असं तिने ठरवूनच टाकलं होतं. गुणाजी मात्र एकदा गुपचूप बेळगावला जाऊन आला होता. तिथे हे नाव कुणी ऐकलंही नव्हतं. तेव्हापासून त्याच्या मनात पाल चुकचुकत होती, पण घरी तो काही बोलला नाही.

चिंतामणी बोटीपासून हलत नव्हता. पुढच्या टोकाला त्याने लिंबू-मिरच्या बांधल्या होत्या.

"गुणाजी, खरं सांगू? हिच्यात काहीतरी आहे. गिअर टाकला की खालून कुणी तरी खरवडतं. नारळ फोडला, काय फरक नाय."

"भुताला गिअरचं तेल लागत नाही रे," गुणाजी खेकसला. "बाजूला हो, उजेड येऊ दे."

पण त्याने पंखा हाताने फिरवला, तेव्हा आतून खरंच आवाज आला. बारीक, ओढलेला, दुखणाइताने दातांतून श्वास घ्यावा तसा. भर दुपारी गुणाजीच्या अंगावर काटा आला. त्याला स्वतःचाच राग आला आणि तो कामाला लागला.

खालचा बोल्ट काढला. तेल काळं यायला हवं होतं. आलं ते दुधाळ, चहासारखं. म्हणजे तेल बाहेर जात होतं आणि त्याच वाटेने समुद्र आत येत होता. वाट कुठली, एवढंच शोधायचं. उरलेलं तेल काढून त्याने शेपटीत पंपाने हवा भरली आणि सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी फासलं. बोल्टापाशी काही नाही. वरच्या जोडापाशी काही नाही. पंख्याच्या दांड्यापाशी मात्र फेस आला, फुगे फुटले, पुन्हा आले.

"दांड्याभोवतीचं रबरी सील गेलं," गुणाजी म्हणाला. "कोळ्यांचा दोर गुंडाळला असणार. तोच घासून सील कापतो. हे बघ तुझं भूत!"

चिंतामणी हसला नाही. "पंखा काढायलाच पाहिजे का?" त्याने विचारलं.

गुणाजीने पंखा काढला. मागे दांड्याला दोरा गुंडाळला होता, घट्ट, तेलाने काळाभोर झालेला. पण तो जाळ्याचा नव्हता. गुणाजीने तो उलगडला, रॉकेलमध्ये धुतला. सात पदर वळलेले, सहा काळे आणि एक तांबडा. एका टोकाला गाठ, त्यापुढे तुटलेला.

त्याने सदरा वर केला. त्याच्या कमरेलाही तसाच करगोटा होता. कालिंदी मिलमध्ये सुताच्या खात्यात होती. नवऱ्याला आणि दिराला तिनेच हे वळून दिले होते. नजर लागू नये म्हणून तांबडा पदर घालायची तिची स्वतःची रीत. आणि पुरुषाच्या कमरेचा करगोटा जिवंतपणी उतरत नाही. तो एकदाच तोडतात, चितेवर ठेवताना.

चिंतामणीने दोन्ही करगोटे बघितले होते. "पंख्यात दोर अडकला होता. जयवंत तो सोडवायला पाण्यात उतरला. मला वाटलं वर आला, गुणाजी. आईशपथ, वाटलं वर आला. मी गिअर टाकला..."

गुणाजीला त्याचा गळा धरायचा होता. हात उठेनात. समोर शेपटीतून दुधाळ पाणी अजून ठिबकत होतं. इतके महिने भाऊ तिथेच होता, आणि हे लोक वरून तेल ओतत होते.

संध्याकाळी तो लालबागला पोचला तेव्हा महाराष्ट्र होणार म्हणून चाळीच्या गॅलरीत आकाशकंदील लागत होते. कालिंदी खळ घेऊन कंदिलाला कागद चिकटवत होती. कपाळावर ठसठशीत कुंकू.

"भावजी, त्येंका सुटताना गाडीभाडा तरी देतले मा सरकार?" तिने विचारलं. मग तिचं लक्ष त्याच्या मुठीकडे गेलं. "ह्यां काय? करगोटो तोडलात? काय अवलक्षण तरी! हाडा हयसर, गाठ मारून देतंय."

तिने तो त्याच्या हातातून काढून घेतला. तुटलेली टोकं जुळवायला लागली, ती जुळेनात.

"वायच कपडो वर करा, माप बघतंय," ती म्हणाली.

गुणाजी हलला नाही. तिनेच हसत सदऱ्याचं टोक उचललं. त्याच्या कमरेला त्याचा करगोटा होता, सात पदरी, अख्खा.

तिच्या खळीच्या बोटांत तो तुटका करगोटा तसाच राहिला. खाली कुणीतरी घोषणा दिली, सगळ्या चाळीने तिला साथ दिली. कालिंदीचं बोट तुटक्या करगोट्याच्या गाठीवर फिरलं.

"गाठ सुटली नाय ना?" तिने विचारलं. "माझी गाठ?"

"नाय," गुणाजी म्हणाला. "गाठ आसा तशीच. दोरो तुटलो."