रुचिर बघतोय

भिंतीवरच्या कॅमेऱ्याने मान वळवली आणि केर काढणारी विठाबाई जागीच थबकली.

"ताई, ह्यो क्यामेरा लय वंगाळ हाय. मी जाईन तितं मागं फिरतोय."

"अगं, रुचिर बघत असेल कॅनडातून," पद्मजाताई खुशीत म्हणाल्या आणि कॅमेऱ्याला हात केला. "रुचिर, घाबरली बघ ही तुला."

त्र्यंबकरावांनी पेपरातून डोकं वर काढलं. तिकडे आता मध्यरात्र उलटलेली असणार. एवढा जागा असता तर पोराने एखादा फोन केला असता, असं त्यांच्या मनात आलं आणि ते त्यांनी मनातच ठेवलं.

कॅमेरा रुचिरनेच बसवला होता, मागे तळेगावला आला तेव्हा. इंटरनेटवर बाहेरून येणारी हाक थेट कॅमेऱ्याकडे जावी म्हणून घरातल्या राउटरमध्ये नियमही टाकून गेला. "आई, मी रोज बघेन तुला." तेव्हापासून पद्मजाताई दिवेलागणीला साडी बदलून कॅमेऱ्यासमोर बसत आणि दिवसभराचं सांगत. सुरुवातीला त्यातून "आई, जेवलीस का?" असा आवाज यायचा. मग आवाज थांबला. मान तेवढी वळायची, आणि त्यांना तेवढं पुरायचं.

दुपारी बायको झोपल्यावर त्र्यंबकरावांनी लॅपटॉपवर राउटर उघडला. उभी हयात टेलिफोन खात्यात गेलेली. कोण कुणाशी जोडलंय ते बघायची सवय जुनीच. या घडीला कॅमेऱ्याला बाहेरचे तिघे जोडलेले होते. कुठल्या कुठल्या देशांतले. कॅनडातलं कुणीच नव्हतं.

संध्याकाळी, तिकडे उजाडल्यावर, त्यांनी गच्चीत जाऊन फोन लावला.

"तो अजून चालू आहे?" रुचिर म्हणाला. "बाबा, मी फोन बदलला तेव्हाच ते ॲप गेलं. कंपनीचा आलेला पासवर्डपण बदलायचा राहिला होता, कुणालाही उघडेल असा. बंद करून टाक तू. आणि आईला सांगू नकोस, उगाच मनाला लावून घेईल. मीटिंग आहे रे, ठेवतो."

त्र्यंबकरावांना भयंकर संताप आला. आपली बायको रोज नीटनेटकी होऊन कुणा परक्यांना आमटीची फोडणी सांगत होती, आणि ते बघत होते. पोटच्या पोराला मात्र वेळ नव्हता.

खाली येऊन ते राउटरपाशी बसले. रुचिरचा नियम पुसला. नवा लिहिला: घरातून कुणी बाहेर साद घातली तर तिचं उत्तर आत येऊ द्यावं, बाहेरून आपणहून येणाऱ्याला दारातूनच परतवावं. पासवर्ड बदलला. तरी दिवाणखान्यात कॅमेऱ्याने मान फिरवलीच. आधीच आत येऊन बसलेल्याला नवा नियम लागत नाही, त्याची जोडणी मुद्दाम तोडावी लागते. त्र्यंबकरावांनी तिन्ही तोडल्या. कॅमेरा अर्धवट बाजूच्या भिंतीकडे तोंड करून थांबला.

वायर उपटली असती तर काम केव्हाच झालं असतं. पण कॅमेऱ्याचा हिरवा दिवा विझला असता, आणि मग पद्मजाताईंना काय सांगणार?

दिवेलागणीला त्या साडी बदलून बसल्या. त्र्यंबकराव आतल्या खोलीत गेले आणि त्यांनी मोबाइलवर त्या कॅमेऱ्याचं चित्र लावलं. घरातल्याला घरात बघायला नव्या नियमाची आडकाठी नव्हती. इतक्या दिवसांत त्यांनी बायकोचं ते बोलणं कधी नीट ऐकलंच नव्हतं. पडद्यावर ती अर्धीच दिसत होती.

"रुचिर, बाबांजवळ बोलू नकोस हं," पद्मजाताई हळू आवाजात म्हणाल्या. "डाव्या डोळ्याने मला दिसेनासं झालंय. ते धसका घेतील. तू बघतोस रोज, म्हणून तुला सांगते."

थोडा वेळ त्या कॅमेऱ्याकडे बघत राहिल्या.

"आज मान नाही वळवलीस?"

त्र्यंबकरावांना कॅमेरा वळवायचे पडद्यावरचे बाण नीट दिसेनात. त्यांनी बाही डोळ्यांवरून फिरवली आणि एक बाण दाबला. बाहेर कॅमेऱ्याने सावकाश मान वळवली आणि पद्मजाताई पुऱ्या दिसायला लागल्या.

"आहेस होय," त्या म्हणाल्या आणि पदर सारखा केला. "मग ऐक. आज विठाबाई केवढी घाबरली."

त्र्यंबकराव ऐकत राहिले. डोळ्याचं आता तिला कुठल्या तोंडाने विचारायचं, ते त्यांना सुचत नव्हतं.